इथलं मला मानवतं

यांगु, ४ मार्च

नोरीन,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. पत्र फाडायचं झालं तरी निदान हातात घ्यावं लागतं.

आम्ही सोल सोडलं. थेसोपचे वडील हिवाळ्यात गेले. तो एकुलता एक, आणि इथली खानावळ सासूबाईंनी एकटीने चालवण्यासारखी नाही. त्यांच्या सासूने ती सुरू केली होती. कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या, पिठाच्या गार शेवया, दुसरं फारसं काही नाही. वरच्या लष्करी छावणीतल्या पोरांना भेटायला आईबाप येतात, ते आधी आमच्याकडे जेवतात आणि मग रडतात. सासूबाई पहाटे पीठ मळतात, थेसोप सोऱ्या दाबतो, मी वाडगे नेते आणि आणते. दुपारपर्यंत माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या होतात. गिऱ्हाइकं म्हणतात, "गोरी सून अजून गोरी झाली."

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी थेसोपला माझ्यादेखत विचारलं, "हिला जेवता येतं का रे?"

"आई, ती चार वर्षं सोलला होती."

"सोलला काय जेवतात! मी इथलं विचारते."

मी सगळं खाल्लं. तिखट, आंबलेलं, वाळलेलं, सगळं. त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने नवी उशी भरली आहे, कुट्टूच्या फोलपटांची. डोकं थंड राहतं म्हणे. मान वळवली की सळसळते.

आईच्या दफनानंतर तू ओट्याशी उभी राहून म्हणाली होतीस, "तिकडचं तुला मानवणार नाही, डेलिया. हौस फिटली की येशील." तर कळवते, मला इथलं सगळं मानवतं. डोळे थोडे चुरचुरतात, इथे घर जमिनीखालून तापवतात, त्या उबेमुळे असेल.

डेलिया


यांगु, २१ एप्रिल

नोरीन,

गावात बातमी आहे की मी रात्रभर रडते.

रडत नाही ग, खरंच. पण सकाळी उठते तेव्हा डोळे सुजलेले असतात, एखाद्या दिवशी ओठसुद्धा. न्हाणीघरात, म्हणजे गावाच्या सामाईक न्हाणीघरात, शेजारची तेलघाणीवाली माझ्या पाठीला खसाखसा घासत म्हणाली, "काय ग, सासू छळते का? डोळे बघ, वाफवलेल्या करंज्या झाल्यात." आजूबाजूच्या दहा बायकांनी पाणी ओतायचं थांबवलं. मी हसले. हसायला नको होतं. सोसणाऱ्या सुना तशाच हसतात.

संध्याकाळपर्यंत ते सासूबाईंच्या कानावर गेलं. जेवताना त्यांनी चमचा उचलला नाही, म्हणून आम्हालाही उचलता येईना.

"मी तुला काही बोलले का, बाळ?" (इथे सुनेला बाळ म्हणतात. आधी मला आवडायचं.)

"नाही, आई."

"बोलले असेन तर तोंडावर सांग. गावाला डोळे दाखवत फिरू नकोस."

"मी रडत नाही, आई."

"मग काय, भूत येऊन सुजवतं?"

थेसोप मध्ये पडला. म्हणाला, हवा बदललीय, अंगातली उष्णता असेल. तेवढ्याने त्या निवळल्या. उष्णतेवर त्यांच्याकडे औषध आहे. शेवया उकळल्यावर उरलेलं पाणी, पेजेसारखं, कोमट, सकाळ-संध्याकाळ मोठा वाडगाभर. कुट्टू थंड असतं, सूज उतरवतं. आता त्या समोर बसून ते मला पाजतात. प्रेमानेच पाजतात, हे लिहायलाच हवं.

मी सध्या लांब बाह्यांचं घालते. अंगावर पित्त उठतं. हे तुला सांगायचं नव्हतं.

डेलिया


यांगु, १३ जून

नोरीन,

पार्सल मिळालं. चार बरण्या पीनट बटर आणि आत एक ओळसुद्धा नाही. हे तुझंच काम! मी खोलीत दार लावून बोटाने चाटलं. सासूबाईंना वास आला. त्यांनी बरणी उघडली, चव घेतली आणि म्हणाल्या, "दाण्याचं कूट तेलात पडलं की काय?" दुसऱ्या दिवशी थोडं काकडीच्या कोशिंबिरीत घालून बघितलं. चांगलं लागलं. मला सांगितलं नाही, पण एक बरणी आता त्यांच्या फळीवर आहे.

आता खरं लिहिते. मला कळत नाहीये मला काय होतंय. मला वाटलं तिखट असेल, म्हणून तिखट सोडलं. मग वाटलं किमचीतली खारवलेली कोळंबी असेल, म्हणून किमची सोडली. या घरात किमची सोडणं म्हणजे काय, हे तुला कसं सांगू? सासूबाईंनी गेल्या नोव्हेंबरात नवरा दवाखान्यात असताना दोनशे कोबी एकटीने मुरवले. मी वाटी बाजूला सरकवली. ती वाटी उचलून त्यांनी स्वतःच्या भातावर पालथी केली आणि सगळी खाल्ली.

मग मासे सोडले. मग अंडी. आता माझ्या ताटात साधा भात आणि त्या शेवया उरल्यात. पांढरं, सौम्य, बिनतिखट. निदान तेवढं तरी पोटाला सोसेल. घशात खाज येते, पण ती आता सारखीच येते.

तेलघाणीवाली थेसोपला म्हणाली, "सांभाळ रे. परदेशी रोप आहे, माती मानवली नाही की एका रात्रीत जातं." तो घरी येऊन हसत हसत सांगत होता. तुझेच शब्द, नोरीन. मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि मग मात्र रडले.

आणि मला दिवस गेलेत. हे आधी लिहायला हवं होतं. बाळ जानेवारीत येईल.

डेलिया


सोकचो, ९ ऑगस्ट

नोरीन,

हे समुद्राकाठून लिहिते. थेसोपच्या मावशीकडे आले आहे. उन्हाळ्यात खानावळीत चुलीपुढे उभं राहवेना, म्हणून थेसोपने पाठवलं. मावशी विधवा आहे, वाळवलेले मासे विकते, अखंड बोलते आणि स्वयंपाक कंटाळत करते. मासे, भात, किमची. "खा ग, पोटातल्याचं वाटून खा." मी भीत भीत सगळं खाल्लं.

काही झालं नाही.

आठवड्यात चेहरा उतरला, म्हणजे सूज उतरली. आरशात कुणी ओळखीचं दिसलं. छोट्या बाह्यांचं झंपर घातलंय. रात्री सलग झोप लागते. मावशीने रबराची जुनी उशी दिली आहे, तीवर तिच्या दिवंगत नवऱ्याच्या तेलाचा डाग आहे, आणि मी तीवर मेल्यासारखी झोपते.

मला आनंद व्हायला हवा. पण मावशीने काल फोनवर बहिणीला सांगितलं, "तुझी सून इथे फुलासारखी झालीय!" मी ताटावरून उठून फोन हातातून घ्यायला धावले, पण उशीर झाला होता. पलीकडून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चांगलं झालं. म्हणजे आमचंच घर वाईट."

तूच सांग, मी काय समजू? मासे सोसले, किमची सोसली, तिखट सोसलं. मग तिथे कशाने होतं? सासूबाईंनीच होतं का? मनाने अंगावर पित्त उठतं का? मी त्यांच्यावर माया करते असं समजत होते. अंगाला काही वेगळंच ठाऊक असेल तर?

महिन्याअखेर परत जायचं आहे. दिवस मोजत नाही असं स्वतःला सांगते.

डेलिया


छुनछन, दवाखाना, १७ ऑक्टोबर

नोरीन,

मी ठीक आहे. बाळ ठीक आहे. हे आधी वाच, मग बाकीचं.

परतल्यावर मी खानावळीत गेलेच नव्हते. सासूबाईंनीच येऊ दिलं नाही. "पोट सांभाळ," म्हणायच्या, पण डोळ्याला डोळा देत नव्हत्या. मला घरात भात, सूप, सगळं वेगळं रांधून मिळायचं, पाहुण्याला मिळतं तसं. सोकचोहून रबराची उशी मी बरोबर आणली होती. त्यांनी पाहिली. त्यांची उशी घडी घातलेल्या गादीच्या वर तशीच ठेवलेली होती. मला वाटलं, आता हीच शिक्षा.

गेल्या शनिवारी नवं कुट्टू आलं, तेव्हा त्यांनी मला खानावळीत बोलावलं. वर्षाच्या नव्या पिठाचा पहिला वाडगा घरातल्या वडीलधाऱ्याला देतात, म्हणजे आता त्यांनाच. खानावळीत तेलघाणीवाली होती, तिचा नवरा होता, छावणीतले दोघे होते. सासूबाईंनी तो वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यापुढे ठेवला.

"पोटुशीने आधी खावं," त्या म्हणाल्या. सगळ्यांपुढे. "जे काही झालं असेल ते झालं, बाळ. खा."

मी नाही कसं म्हणणार? मला खायचंच होतं, नोरीन. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की त्यांनी मला माफ केलं, कशाबद्दल ते माहीत नसलं तरी. मी वाडगा तळापर्यंत संपवला. वर ते शेवयांचं पाणीही प्यायले.

आधी तळहात पेटले. मग कान. मग जीभ तोंडात मावेना. थेसोप काही विचारत होता, त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. श्वास आत जाई, पण पुरेना. मला एवढंच आठवतं की मी पोटावर दोन्ही हात ठेवले होते, जणू तिथून तरी हवा जाऊ नये.

पिठाची पोती आणायच्या टेम्पोत घालून मला आरोग्य केंद्रात नेलं. सासूबाई मागे माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि गालांवर चापट्या मारत ओरडत होत्या, "झोपू नकोस! माझ्याकडे बघ, झोपू नकोस!" त्यांच्या ॲप्रनचं पीठ माझ्या नाकातोंडात जात होतं. त्याने काय होतंय ते दोघींनाही माहीत नव्हतं.

तिथला डॉक्टर लष्करी सेवेऐवजी गावात नेमलेला एक तरुण. त्याने सुई दिली आणि विचारलं, "काय खाल्लं यांनी?"

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या हातचं."

इथे छुनछनला तपासण्या झाल्या. कातडीवर थेंब टाकून बघतात. कोळंबीचा थेंब गप्प, माशाचा गप्प, शेंगदाण्याचा गप्प. कुट्टूच्या थेंबाखाली अंड्याएवढी गांध उठली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्मतःच असेल असं नाही. रोज श्वासातून जाऊन जाऊनही अंगात बसतं. "उशी कशाची वापरता?" त्यांनी विचारलं, आणि मी थेसोपकडे बघितलं, थेसोपने जमिनीकडे.

उशी, पीठ, ते पाणी, सगळं एकच. म्हणजे मला जे मारत होतं तेच त्या औषध म्हणून देत होत्या. पुढच्या वेळी सुईसुद्धा पुरणार नाही कदाचित, असं बाई म्हणाल्या. त्या घरात राहायचं नाही.

थेसोपने आईला सांगितलं तेव्हा मी पलंगावर डोळे मिटून होते. त्या म्हणाल्या, "लढाईच्या वर्षी तांदूळ नव्हता, मका नव्हता. हेच होतं. हेच खाऊन आम्ही पाच भावंडं जगलो. माझ्या हातचं खाऊन आजवर कुणी मेलं नाही."

"आई, तुझी चूक आहे असं कोण म्हणतंय?"

"चार महिने पाजलं तिला मी. समोर बसून."

मग त्यांच्या रबरी चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. मी डोळे उघडायला हवे होते.

डेलिया


यांगु, २४ नोव्हेंबर

नोरीन,

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर बघून आधी वाटलं आईचंच आहे.

तू लिहितेस, ये परत, बाळंतपण इथे कर, तुझी जुनी खोली झाडून ठेवली आहे. टोमणा मारला नाहीस. मारला असतास तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

आम्ही ओढ्यापलीकडे एक खोली घेतली आहे, पोस्टामागे. थेसोप खानावळ बंद झाली की न्हाणीघरात जातो, कपडे बदलतो, मग घरी येतो. पिठाचे कपडे दाराबाहेर पिशवीत. मी बाजारात प्रत्येक बाटली, प्रत्येक पुडी उलटीसुलटी करते. सोया सॉस वाचते, बिस्किटं वाचते. कुणी चहा पुढे केला तर आधी हुंगते, आणि लोकांना राग येतो. काल तेलघाणीवाली तीळ घेऊन आली, मी विचारलं, "तुमच्या घाणीवर कुट्टू कधी दळलं होतं का?" ती दारातच उभी राहिली. "तुझ्या सासूने जेवण सोडलंय, ते ठाऊक आहे का तुला?" म्हणाली. "आणि तुला तिळाची चिंता!"

सासूबाई आलेल्या नाहीत. एकदाही नाही. ओढा ओलांडायला पाच मिनिटंही लागत नाहीत. थेसोप विचारतो तर म्हणतात, "मी यायचं म्हणजे विष अंगावर घेऊन यायचं. पन्नास वर्षांचं पीठ आहे, धुऊन जाणारं नाही." खानावळ विकायची का, असंही एकदा त्या त्याला म्हणाल्या. मी ऐकून इतकी घाबरले की मला त्या रात्री पोटात कळा आल्यासारखं वाटलं. माझ्यापायी ती खानावळ गेली तर या गावात मी तोंड कुठे लपवू? नाही गेली, तर या बाळाला आजी कुठून आणू?

बाळंतिणीला इथे तीन आठवडे समुद्री शेवाळाचं सूप देतात, दिवसातून चार-पाच वेळा. ते तिची आई करते, नाहीतर सासू. आपली आई नाही. थेसोपला अंडं उकडता येतं.

तो काल म्हणाला, "तू म्हणशील तर जाऊ आपण. अमेरिकेला." त्याने आवाज अगदी साधा ठेवला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ दगडासारखी.

विमानात बसायचं तर पुढच्या दोन आठवड्यांत बसावं लागेल. मला खरंच कळत नाही, नोरीन. मी खोलीतल्या खोलीत फिरते. बाळ लाथ मारतं तेव्हा वाटतं, श्वासासाठीच मारतंय. जिथे मी नीट श्वास घेऊ शकत नाही तिथे त्याला का जन्माला घालते आहे? माझी ती खोली मला दिसते. खिडकीतून धान्याच्या कोठ्या दिसतात आणि कुणी कुणाला जेवलीस का विचारत नाही.

थोडे दिवस दे मला. तिकिटाचं विचारून ठेव, पण काढू नकोस.

डेलिया


यांगु, ६ फेब्रुवारी

नोरीन,

मुलगी झाली, हे तुला थेसोपने फोनवर सांगितलंच. तुझं ओरडणं मला पलीकडच्या खाटेवर ऐकू आलं. नाव युनसो. केस काळे, कान आपल्या आईचे, रडणं कुणाचं ते अजून कळलेलं नाही. तिला कुट्टू सोसेल की नाही, मोठी झाल्यावरच कळेल असं डॉक्टर म्हणतात. मी तिच्या अंगावर रोज लाल ठिपके शोधते. एखादा दिसतो, मग जातो. पुन्हा शोधते. सासूबाई म्हणतात, "नाही सोसलं तर नाही. भात आहे ना जगात." पण इथल्या चांद्र नव्या वर्षाच्या दिवशी त्या थेसोपला हळूच विचारत होत्या, "किती मोठी झाल्यावर कळेल?"

तू विचारलंस, शेवटी का आली नाहीस. तुला वाईट वाटलंय ते कळलं. सांगते.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. मी बॅग काढली होती. खोटं कशाला बोलू, बॅग जमिनीवर उघडी होती आणि त्यात माझे दोन स्वेटर होते. सकाळी थेसोप खानावळीत गेला आणि लगेच परत आला. "दाराला कागद लावलाय," म्हणाला. "आईच्या अक्षरात. सून बाळंत होणार आहे, वसंतात या. एवढंच लिहिलंय." त्या खानावळीने त्याच्या बाबांच्या दहनाच्या दिवशीसुद्धा दुपारनंतर चूल पेटवली होती, नोरीन. सासूबाई घरात नव्हत्या, कुठेच नव्हत्या. तो शोधायला गेला.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. उघडलं तर सासूबाई. बाहेर इतकी थंडी होती की ओढा आवाज न करता गोठला होता. त्यांच्या डोक्याला रुमाल नव्हता. त्यांचे ओले केस कपाळावर काड्यांसारखे कडक झाले होते. तेलघाणीवालीकडून नंतर कळलं, त्या पहाटेपासून न्हाणीघरात होत्या. तिघी बायकांना पाठ घासायला लावली आणि म्हणाल्या, कातडी गेली तरी चालेल. अंगावर बाजारातून नवे घेतलेले कपडे होते. बाहीला किमतीची दोरी तशीच लटकत होती. पायांशी नवं पातेलं, नवा चाकू, नवी फळी, एका नव्या कापडात बांधलेलं.

त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत.

"तीन वेळा धुतलं," म्हणाल्या. "नखं कापली. मुळापर्यंत."

माझ्या मागे ती बॅग उघडी होती. त्यांनी ती बघितली. बघितली हे मी बघितलं.

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. आधी तळवे वर, मग पालथे. शाळेत मुलं बाईंना नखं दाखवतात तसे. पन्नास वर्षं पीठ मळलेले हात. बोटांच्या पेरांवर घासून घासून रक्त आलं होतं आणि ते थंडीने गोठलं होतं.

"बघ," त्या म्हणाल्या.

मी बघितलं. एकेक नख, एकेक घडी. मला घाबरायला होत होतं, म्हणून नीट बघितलं. त्यांच्यापुढे मान वर करूनसुद्धा न बोलणारी मी, त्यांच्या बोटांत बोटं घालून पीठ शोधत होते. आणि त्या श्वास धरून उभ्या होत्या.

"काही नाही, आई," मी म्हणाले. "आत या."

त्या हलल्या नाहीत. हात तसेच पुढे.

"पुन्हा बघ," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा बघितलं.

तुझी डेलिया